रंग चुकला!

मुलांनो, तुमच्या बाईंनी किंवा गुरुजींनी तुमच्या बरोबर उत्तरावर कधी फुली मारली आहे? मारली असेल, तर त्या वेळी तुम्हांला काय वाटलं होतं ते जरा आठवा. कारण आज मी अशाच एका फुलीची गोष्ट सांगणार आहे. आणि ती फुली मारणारी बाई दुसरी तिसरी कुणी नाही, मीच!

मी मूळची घाटावरची. कोल्हापूरकडच्या उसाच्या गावात वाढले. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पाटाचं. डी.एड. झाले आणि नेमणूक मिळाली ती थेट मालवण तालुक्यात, समुद्रकाठच्या एका प्राथमिक शाळेत. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. दहा वर्षं झाली मला इथे येऊन. पण समुद्र मी पाहिला तो असा खिडकीतून, नाहीतर किनाऱ्यावर उभं राहून. पाय बुडतील इतक्याच पाण्यात जायचं, असा माझा नियम.

माझ्या वर्गातल्या मुलांचं तसं नाही. कुणाचे वडील होडीवर, कुणाची आई मासळीबाजारात. मुलं चालायला लागायच्या आधी पोहायला लागतात की काय, असं वाटावं!

गेल्या वर्षी पावसाळ्यात चौथीच्या वर्गाला मी चित्राला विषय दिला होता, ‘माझे बाबा कामावर’. कुणी रिक्षा काढली, कुणी दुकान काढलं. एका मुलीने मात्र वेगळंच चित्र काढलं. तिचं नाव मी सांगत नाही. तिला ते आवडणार नाही. तिचे वडील पाणबुड्याचं काम करतात. होडीचं जाळं खाली खडकात अडकलं की ते उडी मारून खाली जातात आणि सोडवून आणतात. हंगामात पर्यटकांना समुद्राचा तळही दाखवतात.

तिच्या चित्रात कागदाच्या मध्यावर पाण्याची रेघ होती. रेघेच्या वर होडीत बसलेले बाबा, अंगात लालभडक शर्ट. रेघेच्या खाली तेच बाबा जाळं सोडवताहेत. पण तिथे शर्ट काळपट तपकिरी.

मी म्हटलं, ‘‘अगं, वर लाल आणि खाली काळा? बाबांनी पाण्यात जाऊन कपडे बदलले वाटतं?’’

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. हळूच म्हणाली, ‘‘बाई, खाली लाल दिसणा नाय.’’

म्हणजे खाली लाल रंग दिसतच नाही! मला वाटलं, लाल खडू संपला असेल म्हणून पोरगी थाप मारतेय. मी लाल पेन काढलं, शर्टावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘रंग चुकला’. दहापैकी सहा गुण.

त्यानंतर ती वर्गात हात वर करेनाशी झाली. चित्रकलेच्या तासाला नुसत्या झावळ्या आणि डोंगर काढायची, सगळे काढतात तसे. माझ्या ते लक्षात आलं. पण मी फारसा विचार केला नाही. चाळीस मुलांच्या वर्गात अशा गोष्टी राहून जातात. राहून जायला नकोत, पण जातात.

डिसेंबरात माझा धाकटा भाऊ गावाहून आला. त्याला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता आणि शिवाय समुद्राच्या पोटात बुडी मारायची होती. ‘‘ताई, तू दहा वर्षं इथे राहतेस आणि खाली काय आहे ते पाहिलंसुद्धा नाहीस?’’ असं म्हणून त्याने माझंही नाव घातलं. मी घाबरले. पण भावापुढे तसं दाखवायचं कसं?

होडीत बसल्यावर पाहते तर आम्हांला खाली नेणारे पाणबुडे म्हणजे त्या मुलीचेच बाबा! अंगात लाल शर्टही तोच असावा. ‘‘बाई, तुम्ही?’’ म्हणाले आणि हसले.

त्यांनी डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून दिला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात श्वासाची नळी. कानात दुखलं तर नाक चिमटीत धरून हवा सोडायची, हे शिकवलं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा सांगितल्या. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला तर ‘सगळं ठीक’. नुसता अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. मी शिकवताना मुलं ऐकत नाहीत म्हणून मी रागावते. पण त्या दिवशी भीतीच्या भरात मीच नीट ऐकलं नाही. दोन मीटर खाली गेल्यावर माशांचा एक थवा अगदी नाकासमोरून गेला. मी खूश होऊन ‘मस्त!’ म्हणून अंगठा दाखवला. त्यांनी लगेच मला वर आणलं! भाऊ अजून हसतोय.

दुसऱ्यांदा खाली गेलो. त्यांच्या मनगटावरच्या खोली मोजणाऱ्या घड्याळात सहाचा आकडा दिसला. सहा मीटर, म्हणजे साधारण दोन मजले. भोवती सगळं हिरवट निळं. खडक, शेवाळ, मासे, सगळं जणू एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलेलं. आणि माझं लक्ष माझ्याच मनगटाकडे गेलं.

माझ्या मनगटाला अंबाबाईचा लाल दोरा होता. नुकताच बांधलेला, कुंकवासारखा लाल. तो तिथे नव्हता. म्हणजे दोरा होता, पण लाल नव्हता. रतांब्याचं वाळून आमसूल व्हावं, तसा काळपट तपकिरी झाला होता. मी घासून पाहिला. तसाच.

मग मुलीच्या बाबांनी काय केलं असेल? त्यांनी कमरेचा पाणबुड्यांचा टॉर्च काढला आणि माझ्या मनगटाजवळ धरून लावला. दोरा एकदम लाल झाला! टॉर्च विझवला, पुन्हा आमसूल. लावला, लाल. तीन वेळा त्यांनी तसं केलं आणि मग माझ्याकडे पाहून गोल खूण केली.

मला त्या थंडगार पाण्यातही घाम फुटला असेल. डोळ्यांपुढे आली ती माझी फुली.

होडीत परत आल्यावर ते शर्ट पिळत एवढंच म्हणाले, ‘‘बाई, त्या दिवशी माझा चेडू जेवला नाय.’’ चेडू म्हणजे मुलगी. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

* * *

आता हा लाल रंग जातो कुठे, ते पाहू.

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात इंद्रधनुष्यातले सगळे रंग असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. लाल दोरा लाल का दिसतो? तो बाकीचे रंग गिळतो आणि लाल तेवढा परत पाठवतो म्हणून. पण त्याच्यापर्यंत लाल प्रकाश पोचलाच नाही, तर तो परत काय पाठवणार?

पाणी पेल्यात बिनरंगी दिसतं, पण ते सगळ्या रंगांना सारखं वागवत नाही. लाल प्रकाश ते सगळ्यांत आधी शोषून घेतं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा लाल प्रकाश साधारण दर दोन मीटरला निम्मा होतो. करा हिशेब! वर १०० भाग असला तर दोन मीटरवर ५०, चार मीटरवर २५, सहा मीटरवर जेमतेम १२. लालच्या मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा मात्र स्वच्छ समुद्रात खूप खोलवर टिकतो. आमच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, म्हणजे प्लवक, असतात. ते निळ्यालाही खातात. म्हणून इथे खाली निळ्यापेक्षा हिरवट जास्त दिसतं.

आणखी एक गंमत. नुसती खोली मोजून भागत नाही. प्रकाश वरून वस्तूपर्यंत येतो आणि वस्तूपासून डोळ्यांपर्यंत जातो, तो सगळा रस्ता पाण्यातलाच. म्हणून एकाच खोलीवर जवळचा मासा थोडा रंगीत दिसतो आणि लांबचा नुसता निळा हिरवा. टॉर्चने दोरा लाल का झाला, तेही यातच आलं. टॉर्चचा प्रकाश वीतभर अंतरावरून आला. एवढ्याशा रस्त्यात पाण्याला लाल रंग गिळायला सवडच मिळाली नाही!

समुद्राच्या रंगाचं कोडं आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडलं होतं. १९२१ साली बोटीने प्रवास करताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून ते विचारात पडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं तेव्हा मानत. रामन यांनी बोटीवरच एका खास स्फटिकातून पाहून ते प्रतिबिंब दूर केलं. तरी समुद्र निळाच! पाणी स्वतः प्रकाश विखुरतं, असं त्यांनी सांगितलं. प्रकाशाचा हाच पाठलाग त्यांना १९२८ सालच्या ‘रामन परिणामा’पर्यंत आणि १९३० सालच्या नोबेल पारितोषिकापर्यंत घेऊन गेला. विखुरण्याबरोबर लाल रंग शोषणं हेही निळाईचं मोठं कारण आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

* * *

भावाने खाली कॅमेरा नेला होता. संध्याकाळी घरी फोटो पाहिले. हाय रे देवा! सगळे फोटो हिरवेगार. माझा चेहरा तर पालकाच्या भाजीसारखा. भाऊ म्हणाला, ‘‘थांब ताई, रंग दुरुस्त करतो.’’ फोनवर त्याने एक बटण दाबलं. माझा चेहरा टोमॅटो झाला आणि मागचं पाणी जांभळं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करतात, हे मी तेव्हा बसून समजून घेतलं. ते आपल्या चौथीच्या गणितातलंच निघालं! फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे सगळ्यात जास्त. तिन्ही सारखे असले की ठिपका पांढरा किंवा करडा दिसतो.

समजा, पाण्याखाली पांढऱ्या पाटीचा फोटो काढला. पाणबुड्यांकडे अशी पांढरी प्लॅस्टिकची पाटी असते, तिच्यावर पेन्सिलीने लिहून ते एकमेकांशी बोलतात. पाटी पांढरी, म्हणजे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. पण आले लाल २०, हिरवा १६०, निळा १६०. मग लाल आकडा कितीने गुणायचा? आठने. पाटी पांढरी झाली की त्याच आठने सगळ्या फोटोतले लाल आकडे गुणायचे. सोपं करून सांगतेय, पण रंग दुरुस्तीचं मूळ हेच.

मग माझा टोमॅटो का झाला? एक तर मी कॅमेऱ्याजवळ होते आणि मागचे खडक लांब होते. लांबच्याला जास्त गुणायला हवं, जवळच्याला कमी. सगळ्यांना एकाच आकड्याने गुणलं की जवळचा लाल होतो आणि लांबचा हिरवा राहतो. दुसरं म्हणजे, लांबच्या वस्तूंवर पाण्यात विखुरलेल्या प्रकाशाचा धुक्यासारखा पडदा असतो. तो आधी वजा करावा लागतो. २०१९ साली देर्या आक्कायनाक आणि ताली ट्राइबिट्झ या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी प्रत्येक ठिपक्याचं अंतर लक्षात घेऊन ही वजाबाकी आणि गुणाकार करण्याची पद्धत मांडली. तिचं नाव ‘सी-थ्रू’. जणू फोटोतलं पाणी उपसूनच काढायचं!

आणि एक गोष्ट तर कुठल्याच यंत्राला जमत नाही. लाल आकडा शून्यच असेल तर? शून्याला आठने गुणा, ऐंशीने गुणा, उत्तर शून्यच. जो प्रकाश कॅमेऱ्यात आलाच नाही, तो गुणाकाराने कसा येणार? म्हणून जाणकार छायाचित्रकार आधीच काळजी घेतात. वस्तूच्या जवळ जातात, आपला दिवा बरोबर नेतात. कुणी भिंगावर लाल काच लावतात. ती काच लाल रंग वाढवत नाही हं! ती हिरवा निळा अडवते, म्हणजे उरलेला लाल त्या मानाने वर येतो.

पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडाजवळ विल्यम लाँगले आणि चार्ल्स मार्टिन यांनी काढला. प्रकाश पुरावा म्हणून त्यांनी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती! एका माशाच्या फोटोसाठी एवढा खटाटोप.

हा खटाटोप नुसत्या हौसेचा नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, आजारी होतात. फोटोवरून प्रवाळांची तब्येत ओळखायची तर त्यांचा रंग खरा हवा. म्हणून शास्त्रज्ञ फोटो काढताना रंगांच्या चौकटींची एक पट्टी शेजारी ठेवतात. कुठला रंग पाण्याने किती बदलला, ते तिच्यावरून कळतं. आमच्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली तो सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे.

* * *

त्या रात्री मला झोप आली नाही. भावाचे दोन फोटो डोळ्यांपुढे होते. एक न सुधारलेला हिरवा, एक सुधारलेला. यातला बरोबर कुठला? दोन्ही! दोरा वर लालच आहे, म्हणून सुधारलेला बरोबर. आणि सहा मीटरवर माझ्या डोळ्यांना आमसूल दिसलं, म्हणून न सुधारलेलाही बरोबर. त्या मुलीने तर दोन्ही एकाच कागदावर दाखवलं होतं. रेघेच्या वर एक, रेघेच्या खाली एक. पाण्यात कधी न उतरलेल्या बाईने तिला सांगितलं, रंग चुकला!

सोमवारी मी हिरवा आणि लाल जिलेटिन कागद घेऊन वर्गात गेले. तिचं चित्र फाइलीतून काढलं आणि फळ्यावर लावलं. म्हटलं, ‘‘मुलांनो, या चित्रात एक चूक आहे. चित्र काढणारीची नाही, तपासणारीची. मी खाली जाऊन पाहून आले. हिचं बरोबर होतं. मी तुमच्यासमोर हिला हसले, म्हणून तुमच्यासमोरच हिची माफी मागते.’’

वर्ग एकदम गप्प. बाई माफी मागतात, हे त्यांना नवीन असावं. खरं सांगू? मलाही नवीनच होतं.

मग मी खिडक्या लावून घेतल्या. टॉर्चला हिरवा जिलेटिन कागद दुहेरी बांधला आणि एका लाल रिबिनीवर प्रकाश टाकला. रिबीन काळी! कागद काढला, लाल. मुलं बाकांवर चढली. एकाने विचारलं, ‘‘मग बाई, तांबोशी खोल पाण्यात कशी दिसत असेल?’’ तांबोशी हा लालबुंद मासा, बाजारात लांबूनही डोळ्यांत भरतो.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. किती महिन्यांनी!

‘‘काळी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर ती कोणाक दिसणा नाय. मोठ्या माशाक पण नाय.’’

अगदी बरोबर. समुद्राच्या खोल भागात राहणाऱ्या कितीतरी जिवांचा रंग लाल असतो. तिथे लाल म्हणजे लपण्याचा रंग!

मधल्या सुट्टीत ती लाल जिलेटिन कागद हातात घेऊन फळ्यापाशी उभी होती. कागद डोळ्यांसमोर धरून स्वतःच्या चित्राकडे बघत होती. मग मला म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही पण बघा.’’

मी बघितलं. लाल कागदातून पांढरा कागदही लाल दिसतो, त्यामुळे त्यावरची लाल शाई त्यात मिसळून जाते. ‘रंग चुकला’ ही अक्षरं दिसेनाशी झाली होती. होडीतल्या बाबांचा लाल शर्टही जवळजवळ गेला होता. पाण्याखालचे बाबा मात्र काळपट शर्टात होते तसे होते, जाळं सोडवत.

मी फुली खोडली नाही. तिच्याखाली निळ्या शाईने लिहिलं, ‘चूक बाईंची. दहापैकी दहा.’ आणि तारीख घातली.

मुलांनो, तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. हिरवा आणि लाल जिलेटिन कागद, एक टॉर्च आणि घरातल्या लाल वस्तू, एवढंच लागतं. खोली मात्र अंधारी हवी. आणि कधी तुमच्या बरोबर उत्तरावर लाल फुली आलीच, तर रुसून हात खाली ठेवू नका. बाईंनाही जरा पाण्यात उतरवा!